मागे-पुढे जोडून

डिसेंबरात सुट्ट्यांची यादी येते
आणि आस्थापना शाखेत माझ्या टेबलाभोवती
चहाच्याही आधी माणसं जमतात.
लाल पेनानं मी सुट्ट्या खुणावते,
हिरव्यानं मधली खिंडारं.

सव्वीस जानेवारी रविवारी. गेली.
रामनवमी रविवारी. गेली.
दसरा आणि गांधी जयंती एकाच गुरुवारी,
तेव्हा अमळनेरचे सोनवणे भाऊसाहेब
कपाळाला हात लावतात: "मनी सुटी वाया गई, ताई,"
जशी कोणी त्यांच्या खिशातूनच काढली.

पण एप्रिल बघा.
दहाला महावीर जयंती, गुरुवार.
चौदाला आंबेडकर जयंती, सोमवार.
मधे शनिवार-रविवार आपलेच,
उरला एकटा शुक्रवार.
एक सीएल टाका, पाच दिवस घ्या.
अख्खं ऑफिस त्या शुक्रवारी आजारी पडायला तयार,
आणि साहेब विचारतात, कुलूप कोण उघडणार?

आखाजी कुठल्याच यादीत नाही.
यंदा बुधवारी, लगेच गुरुवारी महाराष्ट्र दिन,
म्हणून भिरूड मॅडमच्या माहेराला
दोन रजांत पाच दिवसांचा झोका मिळाला.
कानबाई तर बसतेच रविवारी, उठते सोमवारी,
त्या सोमवारी अर्धी जळगाव पाटबंधारे
"घरगुती कारणास्तव" रोट खात असते.
धडगावचा दिलवरसिंग शिपाई होळीला जातो
आणि डोंगर सोडेल तेव्हा येतो.
त्याच्या अर्जावर मी काहीच जोडत नाही,
फक्त "मुख्यालय सोडण्यास परवानगी असावी"
एवढं माझ्या अक्षरात लिहून देते.

सगळ्यांचे पूल मी बांधले.
माझे बांधायचे तर
खेमचंदला विचारावं लागतं,
आणि खेमचंद मालगाडीचा गार्ड.

त्याच्या महिन्याला रविवार नसतो.
दिवाळीच्या पहाटे तो बडनेऱ्याच्या रनिंग रूममध्ये
दुसऱ्याच्या साबणानं अभ्यंगस्नान करून आलेला आहे.
एप्रिलचे ते पाच दिवस मी भुसावळच्या क्वार्टरमध्ये
कूलरमध्ये पाणी भरत काढले.
पहिल्या दिवशी तो खंडव्याला होता,
तिसऱ्या दिवशी झोपलेला,
पाचव्या दिवशी डबा भरून दिला.
ऑक्टोबरातही एक शुक्रवार असाच मोडला,
त्याचं काय झालं ते आता आठवतसुद्धा नाही.

शेवटची एक सीएल उरली होती.
नाताळ गुरुवारी, शुक्रवार टाकला की चार दिवस,
हिरवं वर्तुळ जानेवारीतच करून ठेवलेलं.
सोळा डिसेंबरला, मंगळवारी, पहाटे चारला
तो गाडीवरून आला, बूट काढता काढता म्हणाला,
"आज दिवसभर रेस्ट हाये."

मंगळवार.
मागे सोमवार, पुढे बुधवार,
दोन्हीकडे पक्के कामाचे दिवस.
मी साडेआठला साहेबांना फोन केला.
कारण? म्हणाले.
घरगुती, म्हणाले मी, आणि पहिल्यांदाच ते खरं होतं.

बाजारातून बामणोदची वांगी आणली, हिरवी, हाताएवढी.
क्वार्टरच्या मागे पऱ्हाट्या पेटवून त्यानं भाजली,
धुरानं डोळे चोळत, गार्डाच्या जुन्या हिरव्या झेंडीनं
वारा घालत. रेल्वेची मालमत्ता, मी म्हटलं.
रद्द झालेली, तो म्हणाला.
मी मिरच्या ठेचल्या, कळण्याच्या भाकरी थापल्या.
जेवण झाल्यावर ओट्यावर उन्हात बसलो,
तो शेंगदाणे फोडत होता आणि
लांब यार्डात डबे एकमेकांना जोडल्याचा
तो नेहमीचा आवाज आला.
त्यानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी नोंदवहीत
माझ्या नावापुढे मीच लिहिलं: शिल्लक शून्य.
सोनवणे भाऊसाहेब खांद्यावरून वाचत होते.
"मंगळवार?" म्हणाले, "ताई, तुम्ही?
मधलीच, एकटी? कशालाच जोडली नाही?"

मग सव्वीस तारखेला, शुक्रवारी,
रिकाम्या ऑफिसचं कुलूप मी उघडलं.
आत थंडी होती, आणि पुढच्या वर्षाची यादी
टेबलावर येऊन पडलेली.